हलक्या वजनगटांचे मुष्टियुद्ध

व्यावसायिक मुष्टियुद्धात पुरुषांचा सर्वांत खालचा वजनगट 105 पाउंडांचा, म्हणजे 47.6 किलोचा आहे. त्याला मिनिममवेट किंवा स्ट्रॉवेट म्हणतात. त्याच्यावर 108 पाउंडांचा लाइट फ्लायवेट, 112 चा फ्लायवेट, 115 चा सुपर फ्लायवेट, 118 चा बॅंटमवेट आणि 122 चा सुपर बॅंटमवेट असे गट येतात. 126 पाउंडांच्या फेदरवेटला म्हणजे साधारण 57 किलोला पोहोचले, की हलक्या गटांची हद्द संपत आली असे समजतात. महिलांमध्ये याहूनही खाली, 102 पाउंडांचा अॅटमवेट गट आहे. दुसऱ्या टोकाला हेवीवेट. तिथे 200 पाउंडांच्या पुढे कसलीच मर्यादा नाही.

या आकड्यांत एक गोष्ट चटकन नजरेत भरते. खालच्या गटांमधले अंतर अवघे तीन-चार पाउंडांचे आहे, तर 175 च्या लाइट हेवीवेटनंतरची पायरी थेट 200 वर जाते. तीन पाउंडांसाठी वेगळा जगज्जेता कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण 105 पाउंडांच्या माणसाला तीन पाउंड म्हणजे शरीराच्या जवळपास तीन टक्के होतात. त्याच्यापेक्षा दहा पाउंडांनी जड असलेल्या बॉक्सरसमोर त्याला उभे केले, तर दोघांतला फरक साडेनऊ टक्के होतो. 250 पाउंडांच्या हेवीवेटला हाच फरक चार टक्क्यांचा पडतो आणि तो त्याला फारसा जाणवतही नाही. गट इतके दाट का ठेवले, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे. किताब देणाऱ्या संघटनांना जास्त लढतींतून जास्त शुल्क मिळते, हेही खरे. तरी केवळ पैशासाठी हे गट काढले, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

आधुनिक वजनगटांची घडी लंडनमध्ये बसली. कोव्हेंट गार्डनमधल्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने 1909 मध्ये आठ गट ठरवले आणि त्यांच्या ब्रिटिश विजेत्यांसाठी लॉन्सडेल पट्टे सुरू केले. सर्वांत खालचा गट फ्लायवेटचा होता आणि त्याची मर्यादा आठ स्टोन, म्हणजे 112 पाउंड ठरली. ब्रिटनमध्ये माणसाचे वजन स्टोनमध्ये मोजत, म्हणून आकडा असा आला. त्याआधी गटांची नावे होती, पण मर्यादा गावोगावी आणि प्रवर्तकागणिक बदलत. 1904 च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट 105 पाउंडांचा होता. 1909 नंतर मात्र आठ स्टोनच्या आतल्या माणसाला स्वतःचे असे मैदान मिळाले.

या मैदानाचा पहिला मोठा नायक वेल्सचा जिमी वाइल्ड. कोळशाच्या खाणीत काम करणारा, टायलर्सटाउनचा हा पोरगेलासा दिसणारा माणूस फ्लायवेटच्या मर्यादेच्याही बराच खाली असे. जत्रेतल्या तंबूंत तो लढायला शिकला. तिथे समोर येणाऱ्याचे वजन कोणी पाहत नसे, आणि वाइल्डने आपल्यापेक्षा कितीतरी दांडग्या खाणकामगारांना लोळवले. 1916 मध्ये त्याने लंडनमध्ये अमेरिकेच्या यंग झुलू किडला हरवले, तेव्हापासून तो निर्विवाद फ्लायवेट जगज्जेता मानला गेला. त्याची उभे राहण्याची ढब पाठ्यपुस्तकाला धरून नव्हती. हात कमरेपाशी, अंग किंचित पुढे, आणि ठोसा कुठून निघाला हे समोरच्याला कळण्याआधी तो लागलेला असे. त्याच्या नावावर शंभरच्या आसपास नॉकआउट सांगितले जातात. एवढ्या हलक्या शरीरातून एवढी ताकद येते कुठून, हा प्रश्न त्या काळच्या वर्तमानपत्रांनी पुन्हा पुन्हा विचारला. उत्तर वेळ साधण्यात होते. प्रतिस्पर्धी पुढे येत असतानाच ठोसा त्याच्या वाटेत ठेवायचा, म्हणजे दोघांचाही वेग त्या एका धडकेत जमा होतो.

18 जून 1923 रोजी न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर वाइल्डची कारकीर्द संपली. त्याला सातव्या फेरीत हरवणारा पांचो व्हिला फिलिपिन्सचा होता. त्याचे खरे नाव फ्रान्सिस्को गिलेदो. मुष्टियुद्धाचा जागतिक किताब मिळवणारा तो पहिला आशियाई. दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, दातातून पसरलेल्या जंतुसंसर्गाने तो गेला. पण आशियातला हलका माणूस रिंगमध्ये जगज्जेता होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले होते.

पुढच्या इतिहासात हे चित्र वारंवार दिसते. अनेक देशांचा पहिला जगज्जेता हलक्या गटांतून आला आहे. स्कॉटलंडचा बेनी लिंच 1935 मध्ये फ्लायवेट विजेता झाला आणि त्या देशाचा पहिला जगज्जेता ठरला. अर्जेंटिनाचा पहिला जगज्जेता पास्कुआल पेरेस. हा 1948 च्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णविजेता जेमतेम दीड मीटर उंचीचा होता. थायलंडचा पहिला पोन किंगपेच, तोही फ्लायवेट. 1960 मध्ये त्याने पेरेसलाच हरवले. इंडोनेशियाचा एलियास पिकाल 1985 मध्ये सुपर फ्लायवेटमध्ये जिंकला. ज्या देशांत माणसांची सरासरी उंची कमी, तिथल्या खेळाडूंना हेवीवेटचे दार जवळपास बंदच होते. हलके गट नसते तर या देशांचा मुष्टियुद्धाच्या जागतिक इतिहासातला वाटा फारच थोडा उरला असता.

जपानचे उदाहरण तर जवळून पाहण्यासारखे आहे. योशियो शिराई युद्धानंतर पुन्हा रिंगमध्ये उतरला, पण दुखापती आणि उपासमारीने त्याची कारकीर्द संपल्यासारखी झाली होती. टोकियोतल्या एका व्यायामशाळेत त्याला अॅल्विन कान या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने पाहिले. कान तेव्हा अमेरिकी ताबा प्रशासनात नोकरीला होता आणि मुष्टियुद्धाचा व्यावसायिक प्रशिक्षक नव्हता. पण शिराईच्या हातांची चपळाई त्याने हेरली. त्याच्या पोटभर जेवणाची सोय केली आणि ठोसे चुकवून उलट मारा करण्याची पद्धत त्याच्यात घोटून घेतली. 19 मे 1952 रोजी टोकियोतल्या कोराकुएन मैदानावर शिराईने हवाईच्या दादो मारिनोला हरवून फ्लायवेटचा किताब घेतला. जपानवरचा परकीय ताबा संपून तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. पराभूत, उपाशी देशाला परत उभे राहण्याच्या काळात मिळालेला हा विजय होता, आणि तो 112 पाउंडांच्या माणसाने मिळवला होता. जपानमध्ये हलक्या गटांना आजही पहिल्या रांगेत बसवतात, त्याची मुळे इथे आहेत. दहा वर्षांनी फायटिंग हाराडा एकोणिसाव्या वर्षी फ्लायवेट विजेता झाला. 1965 मध्ये त्याने बॅंटमवेटमध्ये ब्राझीलच्या एडर जोफ्रेला हरवले. जोफ्रे आपल्या सबंध व्यावसायिक कारकिर्दीत फक्त हाराडाकडूनच हरला.

1975 मध्ये फ्लायवेटच्या खाली लाइट फ्लायवेट गट आला, 1980 मध्ये फ्लायवेट आणि बॅंटमवेट यांच्या मधे सुपर फ्लायवेट आणि 1987 मध्ये तळाशी मिनिममवेट. त्याचा फायदा पूर्व आशियाने आणि लॅटिन अमेरिकेने पुरेपूर उठवला. ओकिनावाच्या योको गुशिकेनने लाइट फ्लायवेटचा किताब तेरा वेळा राखला. दक्षिण कोरियाच्या चांग जुंग-कूने पंधरा वेळा आणि त्याच्याच देशाच्या यू म्यंग-वूने सतरा वेळा. थायलंडच्या खाओसाई गॅलॅक्सीने सुपर फ्लायवेटचा किताब एकोणीस वेळा राखून 1991 मध्ये विजेता म्हणूनच हातमोजे उतरवले. हे आकडे कुठल्याही गटात अभिमानाने सांगावे असे आहेत, पण अमेरिकेतल्या सामान्य प्रेक्षकाने यांतल्या बहुतेकांची एकही लढत पाहिली नव्हती.

हलक्या गटांच्या लढती वेगळ्या दिसतात, त्यामागे शरीराचे गणित आहे. स्नायूचे बळ त्याच्या जाडीच्या छेदावर अवलंबून असते, तर वजन आकारमानावर. शरीर सगळ्या दिशांनी वाढत गेले की वजन बळापेक्षा लवकर वाढते. म्हणून लहान माणसाची ताकद त्याच्या वजनाच्या मानाने जास्त असते. त्याचा हात आखूड आणि हलका, त्यामुळे तो फेकायला आणि परत घ्यायला कमी वेळ लागतो. शरीरातली उष्णता बाहेर टाकायला त्वचेचे क्षेत्र वजनाच्या मानाने अधिक मिळते, त्यामुळे दम उशिरा लागतो. हेवीवेटमध्ये एकच ठोसा लढत संपवू शकतो, त्यामुळे दोघेही जपून, थांबून, वाट पाहत लढतात. हलक्या गटांत एका ठोशाने सहसा काम भागत नाही. तीन, चार, पाच ठोशांच्या मालिका लावाव्या लागतात, पायांनी कोन बदलावे लागतात, पोटावर मारा करून प्रतिस्पर्ध्याला हळूहळू पोखरावे लागते. मुष्टियुद्धाची कला शिकायची असेल तर हलक्या गटांच्या लढती पाहाव्यात, असे जाणकार म्हणतात. त्यात अतिशयोक्ती नाही.

मेक्सिकोचा रिकार्दो लोपेझ हा या कलेचा सर्वांत शुद्ध नमुना. 'फिनितो' या नावाने ओळखला जाणारा लोपेझ नाचो बेरिस्ताइन या नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली घडला. 25 ऑक्टोबर 1990 रोजी टोकियोत त्याने हिदेयुकी ओहाशीला पाचव्या फेरीत हरवून स्ट्रॉवेटचा किताब मिळवला आणि जवळपास आठ वर्षे सर्वांना पुरून उरला. हनुवटी खाली, कोपरे अंगाला चिकटलेली, डाव्या जॅबमागून सरळ उजवा आणि त्यामागून खालून वर येणारा डावा अपरकट. एकही हालचाल वाया नाही. 1998 मध्ये निकाराग्वाच्या रोसेंदो अल्वारेझबरोबर एक लढत बरोबरीत सुटली, ती वगळता त्याने 51 लढती जिंकल्या आणि एकही न हरता तो निवृत्त झाला. पाठ्यपुस्तक म्हणून दाखवावा असा हा बॉक्सर. पण त्याच्या कित्येक लढती मोठ्या हेवीवेट लढतींच्या आधी, प्रेक्षक अजून खुर्च्या शोधत असताना उरकल्या गेल्या. 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, पण लढत असताना त्याला जे मोल मिळायला हवे होते ते मिळाले नाही.

लोपेझच्या वाट्याला जे आले नाही, ते त्याच काळात लाइट फ्लायवेटच्या दोघांना मिळाले. अॅरिझोनातल्या फिनिक्सचा मायकेल कार्बाहाल हा 1988 च्या सोल ऑलिंपिकचा रौप्यविजेता आणि मेक्सिकोचा उंबेर्तो 'चिकिता' गोन्झालेझ. 13 मार्च 1993 रोजी लास व्हेगासमध्ये दोघे आपापले किताब पणाला लावून समोरासमोर आले. दुसऱ्या फेरीत कार्बाहाल खाली पडला. पाचव्या फेरीत पुन्हा. डोळ्यापाशी जखम, चेहरा रक्ताने माखलेला, आणि गोन्झालेझ मागे हटायला तयार नाही. लढत हातातून गेली असे दिसत असताना सातव्या फेरीत कार्बाहालने गोन्झालेझला दोऱ्यांपाशी गाठले, ठोशांनी हलवले आणि डाव्या हूकने झोपवले. 'द रिंग' मासिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम लढत ठरवले आणि कार्बाहालला वर्षाचा सर्वोत्तम बॉक्सर. पुढच्या वर्षीच्या परतीच्या लढतीत कार्बाहाल दहा लाख डॉलरवर पोहोचला. 108 पाउंडांच्या माणसाला एवढी रक्कम मिळेल, असे तोवर कोणाला वाटले नव्हते. गोन्झालेझने ती आणि तिसरी, दोन्ही लढती जिंकल्या.

इथे उपेक्षेचे खरे कारणही कळते. कार्बाहाल अमेरिकी होता, इंग्रजी बोलत होता, ऑलिंपिकमुळे घराघरांत माहीत झाला होता, आणि समोर मेक्सिकन प्रतिस्पर्धी असल्याने दोन देशांचे प्रेक्षक मिळाले. अमेरिकी दूरचित्रवाणी हा या खेळातला सर्वांत मोठा पैसा. तिला आपल्या मुलखातले, मोठ्या देहाचे नायक हवे होते, आणि असे नायक हलक्या गटांत क्वचितच होते. थायलंड किंवा जपानमधल्या लढती अमेरिकेत भल्या पहाटे होत. एकाच गटात डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या किताब देणाऱ्या संघटनांचे चार-चार जगज्जेते असल्याने खरा कोण, हे नवख्याला उमगत नसे. जगातला सर्वांत ताकदवान माणूस कोण, हा प्रश्न लोकांना अनादि काळापासून भुरळ घालतो आणि हेवीवेट त्याचे थेट उत्तर देते, हेही आहेच. पण ज्या वेळी कोणी हलक्या गटांच्या लढती नीट मांडल्या, त्या वेळी प्रेक्षक आले. माल चांगला होता, दुकान चुकीच्या गल्लीत होते.

मॅनी पॅकियाओने ही गल्ली बदलली. फिलिपिन्सच्या या बॉक्सरने 1998 मध्ये थायलंडमध्ये चाटचाई सासाकूलला हरवून फ्लायवेटचा किताब घेतला. पुढे वजन वाढवत त्याने आठ गटांमध्ये विजेतेपदे मिळवली, आणि एवढे गट जिंकणारा तो एकमेव. जगाने त्याला ओळखले ते मात्र तो वेल्टरवेटपर्यंत चढल्यावर. फ्लायवेटमध्येच राहिला असता तर त्याचे नाव घरोघरी झाले असते का? बहुधा नाही. मोठे व्हायचे तर वजनानेही मोठे व्हा, हाच रिवाज तोवर चालत आला होता.

तो रिवाज मोडला निकाराग्वाच्या रोमान गोन्झालेझने. 'चोकोलातितो' या नावाने प्रसिद्ध असलेला हा मानाग्वाचा मुलगा, देशाचा थोर बॉक्सर अलेक्सिस आर्ग्वेयो याच्या मार्गदर्शनात वाढला. मिनिममवेट, लाइट फ्लायवेट, फ्लायवेट आणि सुपर फ्लायवेट असे चार किताब त्याने घेतले, आणि या चढणीत तो 115 पाउंडांच्या पलीकडे गेला नाही. 2015 मध्ये फ्लॉइड मेवेदर निवृत्त झाल्यावर 'द रिंग'ने वजनाचा विचार बाजूला ठेवून केलेल्या क्रमवारीत, म्हणजे पाउंड फॉर पाउंड यादीत, त्याला पहिल्या क्रमांकावर बसवले. त्या वेळी तो 112 पाउंडांचा होता. एचबीओ वाहिनीने त्याच्या लढती दाखवायला घेतल्या. मार्च 2017 मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर थायलंडच्या स्रिसाकेत सोर रुंगविसाईने त्याला पहिल्यांदा हरवले. त्या निकालावर बरीच टीका झाली. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्सनला परतीची लढत ठेवली गेली, आणि त्या संध्याकाळच्या मुख्य लढती सुपर फ्लायवेटच्याच होत्या. एका अमेरिकी वाहिनीने 115 पाउंडांच्या माणसांवर सबंध कार्यक्रम उभा करावा, ही नवी गोष्ट होती. स्रिसाकेतने चौथ्या फेरीत गोन्झालेझला नॉकआउट केले. मेक्सिकोचा हुआन फ्रान्सिस्को एस्त्रादा त्याच कार्यक्रमात लढला आणि जपानचा नाओया इनोउए अमेरिकेत पहिल्यांदा त्याच रात्री दिसला. पुढच्या वर्षी असेच आणखी दोन कार्यक्रम झाले.

गोन्झालेझ संपला असे त्या पराभवानंतर अनेकांना वाटले. 13 मार्च 2021 रोजी डल्लसमध्ये तो एस्त्रादासमोर उभा राहिला. दोघांची पहिली लढत 2012 मध्ये झाली होती आणि ती गोन्झालेझने जिंकली होती. आता दोघेही तिशीचे होते. बारा फेऱ्या, म्हणजे छत्तीस मिनिटे. दोघांनी मिळून 2529 ठोसे फेकले. सेकंदाला एकाहून जास्त. त्यातही हे हवेत उडवलेले ठोसे नव्हते. एक जवळ येऊन पोट आणि बरगड्या शोधतोय, दुसरा अर्ध्या पावलाने बाजूला सरून जॅब आणि अपरकटने उत्तर देतोय, आणि शेवटच्या फेरीतही वेग तोच. दोन पंचांनी गुण विरुद्ध बाजूंना दोन-दोनच्या फरकाने दिले, तिसऱ्याने 117-111 असे एस्त्रादाला. हा तिसरा आकडा पटण्यासारखा नव्हता. पण अशा लढतीत कोण जिंकले याहून काय पाहिले हे लक्षात राहते. डिसेंबर 2022 मधली तिसरी लढतही एस्त्रादाने थोडक्यात जिंकली. मग 2024 मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोचा जेसी 'बॅम' रॉड्रिगेझ एस्त्रादाला सातव्या फेरीत नॉकआउट करून त्या पिढीचा वारस झाला.

दरम्यान जपानमध्ये नाओया इनोउएने वेगळीच उंची गाठली होती. तो ज्या व्यायामशाळेतून लढतो ती हिदेयुकी ओहाशीची, म्हणजे 1990 मध्ये ज्याच्याकडून रिकार्दो लोपेझने किताब घेतला त्या ओहाशीची. इनोउएने सहाव्याच व्यावसायिक लढतीत लाइट फ्लायवेटचा किताब मिळवला आणि आठव्या लढतीत, दोन गट वर जाऊन, सुपर फ्लायवेटचा. हलक्या गटांत नॉकआउट कमी होतात या समजाला त्याने जवळपास खोटे पाडले. पाय रोवून, नितंबापासून वळून येणारा त्याचा बरगडीखालचा डावा हूक लागला, की समोरच्याचा श्वास अडकतो आणि गुडघे दुमडतात. 2019 मध्ये सैतामात नोनितो दोनेरेबरोबर झालेल्या लढतीत इनोउएच्या डोळ्याभोवतीचे हाड मोडले, तरी तो बारा फेऱ्या लढून जिंकला. 2022 मध्ये 'द रिंग'च्या पाउंड फॉर पाउंड यादीत तो पहिला आला. असा मान मिळवणारा तो पहिला जपानी. त्याच वर्षाच्या अखेरीस बॅंटमवेटचे चारही पट्टे त्याच्याकडे आले, आणि 2023 संपता संपता सुपर बॅंटमवेटचेही.

6 मे 2024 रोजी इनोउए टोकियो डोममध्ये मेक्सिकोच्या लुईस नेरीबरोबर लढला. या मैदानावर आधीची मोठी मुष्टियुद्ध लढत फेब्रुवारी 1990 मध्ये झाली होती; बस्टर डग्लसने माइक टायसनला हरवले ती. 34 वर्षांनी तिथे पुन्हा रिंग उभी राहिली ती 122 पाउंडांच्या माणसासाठी. चाळीस हजारांहून जास्त प्रेक्षक आले. पहिल्याच फेरीत नेरीच्या डाव्या हूकने इनोउए कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पडला. एका गुडघ्यावर शांतपणे आकडे मोजू देऊन तो उठला, दुसऱ्या फेरीत त्याने नेरीला पाडले आणि सहाव्या फेरीत लढत संपवली.

हलक्या गटांचे आकर्षण सांगताना त्यांची किंमतही सांगायला हवी. प्रत्येक गटाची मर्यादा वजनकाट्यावर सिद्ध करावी लागते, आणि बहुतेक बॉक्सर आपल्या नेहमीच्या वजनापेक्षा खालच्या गटात उतरतात. शेवटच्या दिवसांत पाणी तोडणे, घाम काढण्याचे कपडे, उष्ण खोली. मोठ्या शरीरात दोन किलो पाणी कमी केले तर निभावते. पन्नास किलोच्या शरीरात तेच चार टक्के होतात. बेनी लिंचने 1938 मध्ये किताब रिंगमध्ये गमावला नाही, तो काट्यावर गमावला. साडेसहा पाउंड जास्त भरले होते. दारू आणि वजन या दोन्हींशी झुंजत तो 1946 मध्ये तेहतिसाव्या वर्षी गेला. पॅकियाओचा फ्लायवेट किताबही 1999 मध्ये काट्यावरच गेला.

आणि हलक्यांचे ठोसे जिवावर बेतत नाहीत, हा समज तर अगदी चुकीचा. वेल्सच्या मर्थर टिडफिलचा जॉनी ओवेन 19 सप्टेंबर 1980 रोजी लॉस एंजेलिसमध्ये बॅंटमवेट किताबासाठी मेक्सिकोच्या लुपे पिंतोरशी लढला. बाराव्या फेरीत तो कोसळला आणि शुद्धीवर आलाच नाही. 4 नोव्हेंबरला त्याचे निधन झाले. 2002 मध्ये मर्थरमध्ये त्याचा पुतळा उभारला, तेव्हा अनावरणासाठी ओवेनच्या घरच्यांनी पिंतोरला बोलावले, आणि तो आला.

हौशी मुष्टियुद्धात, विशेषतः ऑलिंपिकमध्ये, हलक्या गटांची लढाई वेगळी आहे. तिथे प्रश्न पैशाचा नसून यादीत जागा मिळण्याचा असतो. पुरुषांचा 48 किलोचा लाइट फ्लायवेट गट 1968 मध्ये मेक्सिको सिटीला आला, आणि पहिलेच सुवर्ण व्हेनेझुएलाच्या फ्रान्सिस्को रॉड्रिगेझने घेतले. ते त्या देशाचे ऑलिंपिकमधले पहिले सुवर्ण. चीनचे मुष्टियुद्धातले पहिले ऑलिंपिक सुवर्णही 2008 मध्ये याच गटात, झोउ शिमिंगकडून आले. 2012 मध्ये मर्यादा 49 किलो झाली. मग महिलांसाठी गट वाढवायचे म्हणून पुरुषांचे काही गट कमी झाले आणि टोकियोला हा गट उरलाच नाही. महिलांना जागा मिळायलाच हवी होती. पण कात्री चालवताना सर्वांत हलक्या माणसांचा गट सर्वांत आधी कापायला घ्यावा, हे योग्य नव्हते.

त्याचा फटका भारताला थेट बसला. रोहतकच्या अमित पंघलने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 49 किलो गटात, रिओ ऑलिंपिकचा सुवर्णविजेता उझबेकिस्तानचा हसनबॉय दुस्मातोव याला हरवून सुवर्ण मिळवले होते. गट गेल्यावर तो 52 किलोत गेला आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकले. टोकियोत मात्र त्याला कोलंबियाच्या युबेर्हेन मार्तिनेझने हरवले. हा मार्तिनेझही रिओत 49 किलोचाच रौप्यविजेता होता. मेरी कोमची गोष्ट त्याआधीची. तिची सहाही जागतिक विजेतेपदे 45 ते 48 किलोतली. 2012 मध्ये लंडनला महिला मुष्टियुद्ध पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले, पण सर्वांत खालचा गट 51 किलोचा होता. तिला वजन वाढवून आपल्यापेक्षा उंच, लांब हातांच्या मुलींशी लढावे लागले. उपांत्य फेरीत ती ब्रिटनच्या निकोला अॅडम्सकडून हरली आणि कांस्य घेऊन परतली. अॅडम्सने पुढे ऑलिंपिकमधले महिला मुष्टियुद्धाचे पहिले सुवर्ण जिंकले. मेरीचे ते कांस्य किती मोलाचे होते, हे गटाची मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न कुस्तीतून ओळखीचा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत बॅंटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीचा मान नेहमी भारदस्त देहाच्या मल्लांना मिळत आलेल्या मुलखात, ऑलिंपिकचे पदक आणले ते सत्तावन्न किलोच्या आतल्या पैलवानाने. अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला तो मरणोत्तर, या शतकाच्या सुरुवातीला.

आता जागतिक स्पर्धांमध्ये वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेने महिलांचा 48 आणि पुरुषांचा 50 किलोचा गट ठेवला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये लिव्हरपूलला झालेल्या तिच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या मीनाक्षी हुड्डाने 48 किलोत कझाकस्तानच्या नाझिम किझाइबायला हरवून सुवर्ण जिंकले. महिलांचा 48 किलो गट ऑलिंपिकच्या यादीत मात्र आजवर एकदाही आलेला नाही.